पहिला नट मालकाचा

बिरू तात्यांकडे सायकलचे गेअर काढून घ्यायचे असतील, तर पहिला नट मालकाने स्वतः ढिला करायचा, असा नियम होता. तात्या पान्हा पुढे करत. आपण तो नटाला लावायचा, अर्धा आटा फिरवायचा आणि तोंडाने स्पष्ट म्हणायचं, "काढा." त्यानंतरचं सगळं काम तात्यांचं. पण एवढं झाल्याशिवाय ते सायकलला बोट लावत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मला वाटे, असते एकेकाची खोड. आमच्या दवाखान्याशेजारचा वेल्डर अमावास्येला मशीन सुरू करत नसे आणि गावचा न्हावी नेहमी डाव्या गालापासूनच वस्तरा लावी. तसंच हे. खोडीमागे काय आहे ते विचारायची आपल्याला सवय नसते. मला तर मुळीच नव्हती.

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. खरे डॉक्टर बारामतीला बसत. मी वाड्यावस्त्यांवर सायकलने फिरून गाई गाभण आहेत का ते तपासायचं, लसी टोचायच्या, कागद भरायचे. पण खेड्यात हातात सुई असलेला प्रत्येक माणूस डॉक्टर, त्यामुळे मीही डॉक्टर झालो होतो. तात्या मला "डाक्टर" म्हणत आणि दर वेळी किंचित हसत. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

तात्यांचं दुकान काटेवाडीच्या पुढे, इंदापूरच्या रस्त्याला. तिथे कालव्याच्या चारीवर एक पूल आहे आणि पुलाला बऱ्यापैकी चढ आहे. त्या चढाच्या पायथ्याशी पत्र्याची टपरी, मागे दोन खोल्यांचं घर, दारात एक म्हैस. तात्यांच्या डोक्याला लाल मुंडासं आणि खाली खाकी हाफपँट. हा पोशाख पाहून नवख्या माणसाला हसू येई. त्यांच्या आजोबा-वडिलांनी मेंढरं राखली, दरवर्षी कोकणात नेली. तात्याही पोरवयात त्या वाटा चालले होते. नंतर पाटाचं पाणी आलं, चराईची रानं उसाखाली गेली आणि मेंढरं विकली. मुंडासं मेंढरांच्या काळातलं आणि हाफपँट सायकलच्या काळातली, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या सुमाराला बारामतीत गेअरच्या सायकलींचं खूळ आलं होतं. जाड टायर, आडवं सरळ हँडल, मागे पाच चकत्या. जाहिरातीतली पोरं तिच्यावरून डोंगर चढत. आमच्याकडे डोंगर नाही, ऊस आहे. पण कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक पोराला डोंगरावरची सायकल हवी होती आणि उसाच्या पट्टीचे पैसे हातात आलेले बाप ती घेऊनही देत होते. मला ती माझ्या पुण्याच्या मेहुण्याने दिली. त्याने स्कूटर घेतली होती. मी महिनाभर हँडलवरचा खटका उगाचच मागे-पुढे करत मिरवलो.

आणि मग ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. ट्रॉल्या भरभरून जायला लागल्या आणि रस्ताभर पाचट पडायला लागलं. उसाचं ते वाळलेलं पान चिवट आणि लांबलचक असतं. मागच्या चाकाशी चेन इकडून तिकडे सरकवणारी जी लोखंडी भुजा लोंबते, तिच्यात ते गुंतलं, भुजा ओढली गेली, चाकाच्या स्पोकांत शिरली आणि मी लसीच्या थर्माससकट चारीच्या कडेला आडवा झालो. थर्मास वाचला. सरकारी मालमत्ता वाचवण्याची आमची जुनी परंपरा आहे.

सायकल ओढत मी टपरीपाशी आलो. तात्यांनी आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.

"शेपूट गुतलं," ते म्हणाले. त्या भुजेला ते शेपूटच म्हणत. "मेंढराच्या शेपटाला गोखरू गुततं, तसं ह्याला पाचट. ह्यो मुलूख शेपटीवाल्या सायकलीचा न्हाय, डाक्टर."

"मग काय करायचं?"

"सरळ करून देतो. म्हैन्याभरानं परत या. न्हायतर काढून टाका समदं. गेअर पाच असलं तरी पाय दोनच हायत."

मी काढा म्हणालो. तेव्हा त्यांनी पान्हा पुढे केला.

"तुमीच की मिस्त्री," मी म्हणालो.

"पयला नट मालकाचा," ते म्हणाले. "फिरवा."

मी फिरवला. तो अर्धा आटा फिरताना त्यांनी माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. आपण मुलीच्या लग्नाला होकार देताना पाहुण्याच्या तोंडाकडे पाहतो, तसं.

मग त्यांनी जे काम केलं, ते मी पुढे कितीतरी वेळा पाहिलं आणि दर वेळी पाहतच राहिलो. आधी प्रश्न. "रोज कुठं जाता? जाताना काय वझं? येताना काय?" दूधवाला असेल तर जाताना भरलेल्या किटल्या, येताना रिकाम्या. कॉलेजचा पोरगा असेल तर जाताना वही आणि येताना मागे बसलेला मित्र. त्यावरून मागची एकच चकती किती दातांची ते ठरे. कोणाला अठरा, कोणाला वीस. मला त्यांनी वीसची दिली. कारण विचारलं, तर म्हणाले, "तुमचं पाय सरकारी हायत."

पाच चकत्यांच्या जागी एकच बसवली की चाक मधोमध राहत नाही, एका अंगाला जातं. मग एका बाजूचे स्पोक कसायचे आणि दुसऱ्या बाजूचे सैल सोडायचे. हे काम तात्या डोळे मिटून करत. स्पोकला नखाने टिचकी मारत आणि आवाज ऐकून पुढच्या स्पोककडे जात. चेनच्या जादा कड्या काढून ती लहान करत. शेवटी सायकलच्या मागे उकिडवं बसून, एक डोळा मिटून, पुढचं चक्र आणि मागची चकती एका रेघेत आहे का ते पाहत. "रेघ जमली," असं म्हटलं की काम झालं. मग चेनखाली एक बोट घालून ती वर-खाली करत. एक बोटभर हलली पाहिजे, जास्त नाही आणि कमी नाही.

पण गिऱ्हाईकाला सायकल देण्याआधी ते स्वतः तिच्यावर बसून पुलाचा चढ चढून येत. अनवाणी पाय, हाफपँट, लाल मुंडासं. चढ आला की सीटवरून उठत आणि उभ्यानेच, अंगाचं वजन एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर टाकत वर जात. घाई नाही, धाप नाही. वरून उतरताना पाय स्थिर आणि हात मोकळा. मला त्यांनी तिथेच शिकवलं. "चढाला बसून ऱ्हायचं न्हाय. उभं ऱ्हायाचं. आन काय बी झालं तरी उतरायचं न्हाय. चढाला जो उतरला, त्यानं सायकल फकस्त ढकलली, चालवली न्हाय." आणि एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "चढ आपला, उतार देवाचा." मी त्या रस्त्याने पाच-सहा वर्षं गेलो-आलो. त्या पुलावर तात्या सायकलवरून उतरलेले मी कधी पाहिले नाहीत.

खरं सांगायचं, तर एका चकतीची सायकल चालवायला लागल्यावर माझं अर्धं डोकं शांत झालं. खटक्याकडे पाहायचं नाही, आता कुठला गेअर असा विचार नाही. चढ दिसला की उभं राहायचं आणि संपला की बसायचं. पाचटातून, चिखलातून, पाण्याच्या पाळीत फुटलेल्या बांधावरून ती सायकल मुकाट चालत राहिली. नोकरीतही असं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

काढलेले गेअर तात्या टाकून देत नसत. चकत्या, भुजा, खटका, तार, उरलेल्या कड्या, सगळं रॉकेलने धुऊन, एकत्र करून, लोकरीच्या दोऱ्याने बांधून मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगत. दोरा ते स्वतः काढत, गिऱ्हाईक नसलं की चातीवर लोकर कातत बसलेले असत. लिहिण्यावाचण्याशी त्यांचं फारसं जमत नव्हतं, म्हणून प्रत्येक जुडग्याला वेगळी गाठ. मेंढराच्या कानाला खूण करतात तशी. कुणाला दोन गाठी आणि शेंडी, कुणाला नुसता फास. कुठली गाठ कुणाची हे त्यांना तोंडपाठ. माझी गाठ तीन वेढ्यांची होती.

"कुणी परत न्यायला येतं का?" मी विचारलं.

"अजून तरी न्हाय."

"मग कशाला ठेवता?"

"ज्याचं त्याला. उद्या मन बदललं तर?"

भिंतीवर अशी तीसचाळीस जुडगी असतील. पण एक वेगळं होतं. ते कोपऱ्यात, सगळ्यांच्या वर, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं. त्याच्या शेजारी आढ्याला एक निळी सायकल टांगलेली, गेअर काढलेली. दर रविवारी तात्या ते गाठोडं खाली काढत, सोडत, एकेक चकती पुसत, तेलाचं बोट फिरवत आणि परत गुंडाळून वर ठेवत. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "पोराचं हाय." एवढंच. मीही पुढे काही विचारलं नाही.

मला ते कळलं पणदऱ्याच्या एका बागायतदारामुळे. हा गृहस्थ एका दुपारी मुलाची सायकल जीपमध्ये टाकून घेऊन आला. मुलगा बरोबर नव्हता. गेअर सारखे बिघडतात, काढून टाका, म्हणाला. तात्यांनी सायकल फिरवून पाहिली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मालकाला आना."

"मालक मीच हाय. मी घेतलीय सायकल."

"घेनारा मालक न्हवं. टांग टाकनारा मालक. पोराला आना, पोराला नट फिरवू द्या."

"आरं, पोराला काय कळतंय? त्याच्या भल्यासाठीच काढतोय न्हवं?"

हे वाक्य ऐकलं आणि तात्यांचा चेहरा उतरला. मी तिथे बसलो होतो म्हणून मला दिसलं. त्यांनी सायकल उचलली, स्वतः जीपमध्ये नेऊन ठेवली आणि परत येऊन चाती हातात घेतली. बागायतदार रागाने लाल झाला. "दुसरीकडं काय मिस्त्री मेलेत काय?" असं म्हणून निघून गेला. तात्यांनी मान वर केली नाही.

म्हैस बघायच्या निमित्ताने मी मागे गेलो, तेव्हा हौसाकाकू, म्हणजे तात्यांच्या मालकीणबाई, वैरण टाकत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला संपतची गोष्ट सांगितली.

संपत त्यांचा एकुलता एक. बारामतीला बारावीला होता. त्याने गेअरच्या सायकलचा हट्ट धरला आणि तात्यांनी ती आणली. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या पोराची सायकल भारी असावी, असं त्यांनाही वाटलं असेल. पण ऊसतोडीत ती रोज बंद पडायची. पोरगा रोज उशिरा यायचा, चिडचिड करायचा. एका रविवारी तो मामाकडे गेला होता. तात्यांनी विचार केला, पोराची कटकट कायमची मिटवावी. त्यांनी दिवसभर बसून सायकलचे गेअर काढले, चाक मधोमध आणलं, रेघ जमवली, वरून पॉलिश केलं. तोवर त्यांनी अशी एकही सायकल केली नव्हती. ती पहिली.

"सांजच्याला संपत आला," काकू म्हणाल्या. "सायकल बघितली. येक शबूद बोलला न्हाय. जेवला बी न्हाय. ह्यांनी इचारलं, बरी झाली का रं? तर नुसतं व्हय म्हनला. सोमवारी सकाळी त्याच सायकलीवर गेला. त्यो गेलाच."

सायकल बारामतीच्या एसटी स्टँडवरच्या सायकल स्टँडला लावलेली सापडली. तात्या ती आणायला एसटीने गेले आणि येताना हातात धरून चालत आले. तिच्यावर बसले नाहीत. दोन महिन्यांनी एक कार्ड आलं, मी सुरतेला आहे, काळजी करू नये. पत्ता नव्हता. त्यानंतर काही नाही.

"तवापास्नं म्हनत्यात, मी न इचारता पोराचं काढून घेतलं. म्हून गेला. आमी किती सांगितलं. आयकत न्हाईत. त्याचं गेअर बसवून द्यायचं, येवढंच धरून बसल्यात."

मी पुढे गेलो, तेव्हा तात्या लोकर कातत होते. मी म्हैस ठीक आहे एवढंच सांगितलं.

पुढच्या वर्षी मला खात्याच्या प्रशिक्षणासाठी गुजरातेत जायचं होतं. तात्यांना कळलं. ते स्वतः दवाखान्यात आले. टपरी सोडून ते कधी कुठे जात नसत. "डाक्टर, सुरत वाटंत लागतं म्हनं," ते म्हणाले. "लूमच्या कारखान्यात आपली मानसं लय असत्यात. कुनाला तरी इचारून बघा. उंची तुमच्यायेवढी. डाव्या भिवईवर खोक हाय." मी म्हणालो, नक्की बघतो.

सुरतेला गाडी दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरून चहा प्यायलो आणि परत चढलो. परत आल्यावर तात्यांना सांगितलं, चौकशी केली, पत्ता लागला नाही. ते म्हणाले, "तरी तुमी येवढा तरास घेतला." हे वाक्य मला अजून टोचतं. सुरतेत उतरलो असतो तरी संपत मिळाला असता असं नाही. पण खोटं बोलायची काय गरज होती, ते मला अजून कळलेलं नाही.

संपत गेल्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हा तो आला. मी त्या दिवशी तिथे असणं हा निव्वळ योगायोग होता. म्हैस व्यायला झाली होती आणि काकूंनी निरोप पाठवला होता. मी मागे गोठ्यात असताना पुढे मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला, मग काकूंचा हंबरडा. बाहेर येऊन पाहतो, तर एक तिशीकडे झुकलेला वाटणारा माणूस, अंगाने सुटलेला, डाव्या भिवईवर खोक. वय खरं तर चोवीस-पंचवीसच असणार. काकू त्याच्या तोंडावरून हात फिरवत होत्या.

तात्या टपरीत उभे होते. पुढे आले नाहीत. संपतने येऊन पायाला हात लावला. तात्यांनी त्याच्या पाठीवर एक हात ठेवला, काढला आणि लगेच वळून स्टूल ओढलं. स्टुलावर चढून कोपऱ्यातलं घोंगडीचं गाठोडं खाली काढलं. सोडायला गाठ सापडेना.

"बसवून देतो," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम हाय. तवर चा घे."

"काय बसवून देता?" संपतने विचारलं.

"तुजं गेअर. समदं हाय. येक छर्रा बी गेला न्हाय." घोंगडी उलगडली. सहा वर्षांपूर्वीचा तो माल नव्यासारखा चमकत होता. "म्या न इचारता काढलं. चुकलं माजं. तुला इचाराया पायजे हुतं."

संपत आधी चकत्यांकडे बघत राहिला, मग बापाकडे, मग माझ्याकडे. आणि हसला. वाईट हसला असं मी म्हणणार नाही. एखादी विसरलेली गोष्ट कुणी आठवण करून दिल्यावर हसतो, तसं हसला.

"ह्याच्यापायी गेलो असं वाटलं व्हय तुमाला?"

तात्यांनी एक चकती उचलली आणि ते ती पुसायला लागले.

"तात्या, मी त्या साली कालेजला जातच न्हवतो. दिवाळीपास्नं यष्टी स्टँडवर बसून असायचो. परीक्षेचा फारम बी भरला न्हवता. झेपतच न्हवतं मला. घरी कुन्या तोंडानं सांगनार? तारीख जवळ यायला लागली, म्हून गेलो."

"आन सायकल?" तात्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"सायकल तर हलकी झाली हुती. त्या सोमवारी लय झ्याक पळाली. मनात आलं पन, तात्यास्नी सांगावं म्हून."

"मंग सांगितलं न्हाय?"

"ऱ्हायलं," संपत म्हणाला.

आत म्हैस ओरडली आणि मला जावं लागलं. पारडू पायाकडून येत होतं, तासभर झटावं लागलं, तरी हाती लागलं ते मेलेलंच. हात धुऊन पुढे आलो, तर संपत आईजवळ बसून जेवत होता आणि तात्या टपरीत एकटेच एक चकती पुसत होते. तीच चकती, मी गेलो तेव्हाही तीच त्यांच्या हातात होती. मी पारडाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे.

संपत दोन दिवस राहिला. सुरतेत त्याचं लग्न झालं होतं, एक मुलगी होती. तिचा फोटो दाखवला, या म्हणाला, पत्ता लिहून दिला आणि गेला. त्याच्याकडून रीतसर सगळं झालं.

मला संपतचा फार राग आला. पुढेही बरेच दिवस आला. एक ओळ लिहिली असती, सायकल चांगली झाली म्हणून, तर काय बिघडलं असतं? पण मग सुरतेचा तो चहा आठवे आणि माझं तोंड बंद होई. आणि हेही खरं की संपतने काहीच खोटं सांगितलं नाही. त्याला वाटलं, तो बापाच्या मनावरचं ओझं उतरवतोय. वाईट एवढंच झालं की तात्या ज्या ओझ्यावर उभे होते, तेच त्याने काढून घेतलं. चूक आपली असली, की निदान दर रविवारी तिला तेल लावता येतं. पोरगा कधीतरी येईल, आपण अर्ध्या तासात सगळं परत बसवू, असं म्हणत दिवस काढता येतात. आता कळलं की चूक नव्हतीच. मग पोरगा गेला तो कशाने, आणि घरात बसलेल्या बापाला तो तीन महिने काही सांगू का शकला नाही, या प्रश्नाला कुठलाच पान्हा लागत नव्हता.

तात्या बदलले. बोलणं कमी झालं असं नाही, ते आधीही कमीच बोलत. पण एकदा मी बसलो असताना एक पोरगा गेअर काढायला आला आणि तात्यांनी सायकल सरळ उलटी करून काम सुरू केलं. पान्हा पुढे केला नाही. रोज कुठं जातोस, हेही विचारलं नाही. मी म्हणालो, "तात्या, पहिला नट?"

"काय फरक पडतोय, डाक्टर," ते म्हणाले.

काढलेले गेअर त्यांनी त्या पोराच्याच पिशवीत टाकले. काम झाल्यावर पुलावर चढून पाहिलं नाही. रेघ तेवढी पाहिली, पण एक डोळा मिटून नाही, उभ्याउभ्याच.

नंतर भिंतीवरची जुडगी हळूहळू कमी व्हायला लागली. ज्याचं त्याला तात्या परत देत होते. कोणी नको म्हणालं, तर समोरच्या बाजूला ठेवून देत आणि भंगारवाला येऊन घेऊन जाई. एका सकाळी त्यांनी माझ्या हातात तीन वेढ्यांच्या गाठीचं जुडगं ठेवलं.

"घ्या तुमचं."

"असू द्या की तात्या भिंतीवर. मला कुठं बसवायचंय?"

"न्हाय. आता ठेवत न्हाय कुनाचं," ते म्हणाले.

मी ते घरी आणलं. अजून आहे. गाठ मी सोडलेली नाही.

त्याच वर्षी माझी बदली इंदापूरला झाली. निघायच्या आधी भेटायला गेलो, तर टपरीत कोणी नव्हतं. काकू म्हणाल्या, बारामतीला गेलेत, सायकलवर. कुठली सायकल, म्हणून मी सहज आढ्याकडे पाहिलं. निळी सायकल नव्हती आणि कोपऱ्यातला खिळाही रिकामा होता.

"बसवलं समदं परत," काकू म्हणाल्या. "संपत सुरतेला माघारी गेल्यावर आठ दिसांनी. मी म्हनलं, आता कशाला? तर म्हनले, तयार ठेवलं हुतं, म्हून."

दुसऱ्या दिवशी ट्रंक आणि वळकटी घेऊन मी इंदापूरच्या एसटीत बसलो. माझी सायकल टपावर बांधली होती. काटेवाडी मागे पडली, पुलाचा चढ आला आणि एसटी ट्रॉलीच्या मागे अडकून हळू झाली. खिडकीतून पाहिलं, तर पुढे लाल मुंडासं. तात्या निळ्या सायकलवर होते. मागे पाचही चकत्या लागलेल्या आणि चेन सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड. चढाला त्या चकतीवर कोणीही सायकल चालवत नाही. हँडलवर खटका होता, बोटाच्या अंतरावर. एका बोटाने तो ओढला असता तर सायकल हलकी झाली असती. त्यांनी त्याला हात लावला नाही. उभेही राहिले नाहीत. सीटवर बसूनच एकेक पाय दाबत होते आणि सायकल डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि ओरडलो, "तात्या, खटका ओढा! हलकं होईल!"

त्यांनी मान वळवली. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मग ते सायकलवरून उतरले. चढाच्या मधोमध, दोन्ही पाय जमिनीवर. एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने सीट आणि ढकलायला लागले. एसटी पुढे गेली.